वाचकांचे प्रश्न : घरच्या रुग्णाची सेवा आणि सरकारची जबाबदारी

प्रश्न : सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्यांची उजवी बाजू लुळी आहे आणि त्या अंथरुणाला खिळून आहेत. शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणे, डायपर बदलणे, नळीवाटे पातळ अन्न देणे हे सारे मीच करते. त्यासाठी पतसंस्थेतील आठ वर्षांची नोकरी मी सोडली. यजमानांची नोकरी चालू आहे. सरकारकडून मला स्वतःला काही मिळू शकते का, की जे काही असेल ते सासूबाईंच्याच नावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. जे काही मिळते ते सासूबाईंच्या नावे, आणि जिथे त्यांच्या नावे नाही तिथे आपल्या यजमानांच्या नावे.

आधी पदरात पडण्यासारखे आहे ते पाहू. सासूबाईंचे वय 70 किंवा अधिक असेल, तर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेचे कार्ड निघते आणि कुटुंबातील त्या वयाच्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. घरी परतल्यानंतरचे डायपर, एअर बेड, फिजिओथेरपी आणि मदतनीस बाईचा पगार त्यात बसत नाही, आणि आपला खरा खर्च नेमका हाच आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरील ज्येष्ठांना उपकरणांसाठी 3,000 रुपये मिळतात, पण एकदाच, आणि तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांच्या उत्पन्न मर्यादा इतक्या खाली आहेत की घरात एक पगारदार असला की दार बंद होते.

जिल्हा सामान्य रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मात्र अवश्य काढून घ्या. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरले, तर आपल्या यजमानांना आईच्या संगोपनापोटी उत्पन्नातून 75,000 रुपयांची आणि 80 टक्के किंवा अधिक असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. आजवर आपण ती आयकर कायद्यातील कलम 80डीडी या क्रमांकाने ओळखत आलो. ती फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना लागू आहे. सेवेसाठी नोकरी सोडणाऱ्या व्यक्तीला कर भरण्याइतके उत्पन्नच उरत नाही, त्यामुळे तिच्या कष्टांवरची सवलत घरातल्या कमावत्या माणसाला मिळते. ज्या घरात कोणीच करपात्र नाही, तिथे ती कोणालाच मिळत नाही.

आता कायद्याकडे येऊ. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. आई-वडील आणि कुटुंबातील इतर सदस्य धरून, मोबदला घेऊन अथवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी, तिला आधार वा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती तिच्यात येते. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये सरकारने आखावयाच्या सामाजिक सुरक्षा योजनांची यादी असून, तीव्र आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता तिच्यात स्पष्ट नमूद आहे. अडचण एवढीच की त्याच कलमाच्या आरंभी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी शब्दयोजना आहे आणि तिच्या आडोशाने हात आखडता घेणे कोणत्याही सरकारला सोयीचे जाते. तरीही मागणी करायची ती याच कलमाचे बोट धरून करावी, कारण जे मागायचे ते संसदेने आधीच मान्य केलेले आहे.

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा मात्र आपल्या बाबतीत गप्प आहे. त्यातील ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात, सून येत नाही. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाने मुलाला दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश दिला, म्हणजे कायद्याचे काम झाले. कूस कोणी बदलायची, हा प्रश्न त्याला पडत नाही. 2019 साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सुनेचा आणि जावयाचा उल्लेख होता, पण तोही जबाबदारी टाकण्यापुरता. हक्क देण्यासाठी नव्हे. ते विधेयक पुढे लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. प्रत्यक्षात या कायद्याखाली सून भेटते ती बहुधा घर खाली करण्याच्या दाव्यात, आणि तिथेही तिच्या निवाऱ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला 2020 साली वेगळा सांगावा लागला.

आपल्या पत्रातील ‘आठ वर्षांची नोकरी’ हे शब्द मला सर्वांत गंभीर वाटतात. पतसंस्थेत भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्यासोबतच्या निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. ती भरली नसल्यामुळे आज आपल्या हाती पैसे काढून घेण्याचा पर्याय आहे, निवृत्तिवेतनाचा नाही. म्हणून एक विनंती : ते पैसे काढले नसतील तर काढू नका, त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या. पुढे पुन्हा नोकरी लागली तर ही आठ वर्षे नव्या सेवेत मिळवता येतात. अटल पेन्शन योजनेत प्रवेशाचे वय 18 ते 40 आहे, श्रमयोगी मानधन योजनेतही तेच. घरातील वृद्धांची सेवा ज्या वयात अंगावर येते, ते चाळीस ते साठ हे वय दोन्ही योजनांनी बाहेर ठेवले आहे. काळजीवाहकासाठी काय करावे, असे सरकारने मला विचारले, तर भत्त्याच्याही आधी मी हे सांगेन की सेवेत गेलेल्या वर्षांचा निवृत्तिवेतनाचा हप्ता सरकारने भरावा. आजची ओढाताण कशीबशी निभावते, पण साठीनंतर ती बाई स्वतः परावलंबी होते तेव्हा तिच्या नावावर काहीच नसते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आई-वडिलांची सेवा हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते. त्यासाठी सरकारने पैसे दिले तर कर्तव्याची मजुरी होणार नाही का? शिवाय सेवा न करताच पैसे लाटणारेही निघतील.
— एक वाचक, वाई

उत्तर : अध्यापनाला आपण व्रत म्हणतो, पण म्हणून कोणी शिक्षकांचे वेतन बंद केले नाही, आणि वेतन मिळते म्हणून आपले शिकवणे मजुरी ठरले नाही. कर्तव्य कोणाच्या वाट्याला येते, हेही पाहायला हवे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातील माणसांची काळजी घेण्याचे काम करतात, पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के आहे. हे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातील सरासरी वेळ 140 मिनिटे, पुरुषाचा 74 मिनिटे. यात लहान मुलांचे संगोपनही धरलेले आहे, परंतु वाटणी कशी आहे ते कळायला एवढे पुरे. मुलाचे कर्तव्य सुनेच्या हातून पार पडते आणि पुण्य मुलाच्या खात्यावर जमा होते, असे म्हटले तर आपल्याला राग येऊ नये.

सरकारे या कर्तव्याकडे बहुधा शिक्षेच्या बाजूने पाहतात. आसामने 2017 मध्ये कायदा करून आई-वडिलांची हेळसांड करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून 10 ते 15 टक्के कापण्याची तरतूद केली. लातूर जिल्हा परिषदेनेही अशा कर्मचाऱ्यांच्या वेतनातील 30 टक्के रक्कम पालकांच्या खात्यात वळती करण्याचा मार्ग धरला होता. हेळसांड करणाऱ्याला चाप बसावा याबद्दल वाद नाही, पण जो किंवा जी हेळसांड करत नाही, तिच्यासाठी काय, याचे उत्तर अशा उपायांत नसते.

पैशांबाबतचा आपला आक्षेप मात्र वेगळ्या कारणाने विचारात घ्यावा लागतो. जपानने 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला, तेव्हा कुटुंबाला रोख रक्कम द्यावी की नाही यावर मोठा वाद झाला. रोख भत्त्याला तिथल्या स्त्री संघटनांनीच विरोध केला. सुनेच्या हाती चार पैसे टेकवले की तिला घरात बांधून ठेवायला समाज मोकळा होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामुळे जपानमध्ये रोख रकमेऐवजी सेवा मिळतात : दिवसभराचे केंद्र, घरी येणारी मदतनीस, काही दिवसांसाठी रुग्णाला ठेवून घेणारे निवास. खर्चाचा साधारण दहावा हिस्सा कुटुंब उचलते, आणि चाळिशीनंतर प्रत्येकाला विम्याचा हप्ता भरावा लागतो.

जर्मनीने 1995 मध्ये दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. रुग्णाची गरज पाच श्रेणींत मोजतात आणि घरच्यांकडून सेवा घेणाऱ्याला 2025 साली दुसऱ्या श्रेणीत महिना 347 युरो, पाचव्या श्रेणीत 990 युरो मिळत होते. ही रक्कम रुग्णाच्या हाती पडते व त्याने ती सेवा करणाऱ्याला द्यावी अशी अपेक्षा असते. पैसे लाटले जाण्याच्या आपल्या शंकेला तिथले उत्तर असे आहे की फक्त रोख रक्कम घेणाऱ्या घरी ठराविक काळाने तज्ज्ञ सल्लागाराची भेट सक्तीची असते. दुसऱ्या किंवा वरच्या श्रेणीतील रुग्णाची आठवड्यातून किमान दोन दिवस मिळून दहा तास सेवा करणाऱ्या आणि स्वतः तीस तासांहून अधिक नोकरी न करणाऱ्या नातेवाइकाचा निवृत्तिवेतनाचा हप्ताही शुश्रूषा विमा निधी भरतो. वर सांगलीच्या वाचकांना मी जे म्हटले, त्याचा नमुना इथला आहे.

गैरवापराच्या भीतीने अटी करकचून आवळल्या तर काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसले. आठवड्याला 35 तास सेवा करणाऱ्याला तिथे भत्ता मिळतो, पण त्याची स्वतःची कमाई मर्यादेपेक्षा एका पौंडाने जरी वाढली, तरी त्या आठवड्याचा भत्ता पूर्ण जातो. या नियमामुळे अर्धवेळ नोकरी करणाऱ्या कित्येक काळजीवाहकांकडे हजारो पौंडांची वसुली निघाली आणि 2024 मध्ये तो तिथे गाजलेला विषय ठरला. अडकले ते बहुतांशी दुकानात किंवा सफाईच्या कामावर थोडे जास्तीचे तास भरणारे लोक.

आपल्याकडे केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या काळजीवाहकाला महिना 600 रुपये देण्याची तरतूद आहे. दात कोरून पोट भरत नाही, हे खरेच. पण पैसे सेवा करणाऱ्याच्या नावाने देण्याचे तत्त्व एका राज्याने मान्य केले, आणि त्याच राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या परिचारिका अशा रुग्णांच्या घरी जातात. माझ्या मते महाराष्ट्राने सुरुवात या दुसऱ्या गोष्टीपासून करावी. आठवड्यातून एकदा परिचारिका घरी आली आणि महिन्यातून चार दिवस रुग्णाला विश्वासाने ठेवता येईल अशी जागा तालुक्याला मिळाली, तर त्या चार दिवसांत सेवा करणारी बाई स्वतःच्या दुखऱ्या कंबरेसाठी डॉक्टरकडे तरी जाईल. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाने ‘समर्थ’ ही अशाच विसाव्याची योजना आखलेली आहे. वृद्ध रुग्णांना ती लागू नाही. तिचा विस्तार करण्यासाठी नवे काही शोधून काढावे लागणार नाही.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे. खासगी कंपनीत नोकरी करतो. त्यांच्यासाठी रजेचा काही हक्क आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र रजेचा हक्क खासगी नोकरीत नाही. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या महाराष्ट्रातील आस्थापनांना लागू असणाऱ्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा आणि दर 20 दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा मिळते, ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. तेवढ्यावरच भागवावे लागते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. अपत्यांसाठी महिलांना आणि एकट्या पुरुष पालकांना 730 दिवसांची संगोपन रजा आहे, पण पालकांसाठी काय, असे राज्यसभेत जुलै 2025 मध्ये विचारले गेले तेव्हा नेहमीच्या 30 अर्जित आणि 20 अर्धवेतनी रजांचाच हवाला देण्यात आला. पार्किन्सन्स हा 2016 च्या कायद्यातील 21 दिव्यांगत्वांपैकी एक आहे, त्यामुळे वडिलांचे प्रमाणपत्र आताच काढून ठेवा आणि कामाच्या वेळेत सवलत मागणारा अर्ज त्याची प्रत जोडून लेखी द्या. कंपनीवर बंधन नसले तरी तोंडी विनंतीपेक्षा असा अर्ज टाळणे मनुष्यबळ विभागाला जड जाते.