‘माझंच वजन जास्त, माझं कोण ऐकणार?’

जून-जुलैत एम.एस्सी.च्या परीक्षा आटोपतात, मुली हॉस्पिटलच्या इंटर्नशिपला लागतात आणि माझ्याकडे एक ठरावीक वाक्य यायला लागतं. ‘मॅडम, माझंच वजन जास्त आहे. पेशंट माझं काय ऐकणार?’ मी समुपदेशक. आहारशास्त्राच्या मुली माझ्याकडे बरीच वर्षं येताहेत. आता तर खुर्चीत बसताना मुलगी पर्स पोटावर धरून बसली, की पुढचं वाक्य मला कळलेलं असतं.

गंमत म्हणजे बारीक मुलीही हेच घेऊन येतात. त्यांना पेशंट म्हणतात, ‘ताई, आधी तुम्हीच दोन घास खा.’ एखादीला पीसीओडी असतं, एखादीच्या चेहऱ्यावर मुरमं, एखादीची साखर पंचविशीच्या आतच काठावर. डाएटिशियनचं शरीर म्हणजे तिच्या ज्ञानाची जाहिरात, असं या सगळ्याजणी धरून चालतात. मग त्या जाहिरातीत बसेल असं शरीर वर्गात कुणाचंच उरत नाही.

बाहेरच्यांना या शिक्षणाची फारशी कल्पना नसते, म्हणून थोडं सांगते. आधी पदवी, मग दोन वर्षांचं एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर डिप्लोमा, मग हॉस्पिटलमधली इंटर्नशिप आणि त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. परीक्षा. ही संस्था १९६३ सालची. परीक्षा पास झाली की ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ लावता येतं. अमेरिकेला जायचं म्हणणाऱ्यांसाठी तर १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या आर.डी. परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली आहे. म्हणजे पाच-सहा वर्षं बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, किडनीचे, लिव्हरचे, कॅन्सरचे आहार, नळीवाटे द्यायच्या फीडचे हिशेब, हे सगळं पचवून मुलगी वॉर्डात उभी राहते. आणि उभी राहिल्यावर तिच्या मनात एकच विचार असतो, ॲप्रनमध्ये आपण किती रुंद दिसतोय.

त्यातली एक गौरी. नाव अर्थातच बदललेलं आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यात आणखी दोघी-तिघी मिसळल्या आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या गावाकडची, पुण्यात होस्टेलवर राहणारी, वर्गात पहिल्या पाचातली. पहिल्या भेटीत ती वजनाबद्दल बोललीच नाही. ‘सीनियर मॅडम म्हणतात माझी हिस्टरी अर्धवट असते,’ एवढीच तक्रार. हिस्टरी म्हणजे पेशंटने काल दिवसभरात काय काय खाल्लं, किती, कशातून, याची चौकशी. डाएटिशियनचं निम्मं काम तेच. गौरीच्या चौकशा पाच मिनिटांत उरकत होत्या.

‘उरकतेस का?’

‘ते माझ्याकडे बघत असतात मॅडम. मला तिथून निघायचं असतं.’

मग हळूहळू बाकीचं आलं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी अँथ्रोपोमेट्रीचं प्रॅक्टिकल होतं. मुलींनी एकमेकींची उंची, वजन, कंबर मोजायची, दंडामागची चरबी कॅलिपरच्या चिमट्यात धरायची आणि आकडे फळ्यावर लिहायचे. गौरीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २७ आला. तक्त्यात तिच्या नावापुढे ‘ओबीस’ लिहिलं गेलं, कारण आपल्याकडे २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य देशांत याच रेषा २५ आणि ३० वर आहेत. त्याच आठवड्यात गावी चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत जिलेबीचा दुसरा वेढा पानात पडताच आत्या म्हणाली, ‘डाएटिशियन होणार ना गं तू?’ सगळे हसले. तेव्हापासून ती लोकांसमोर जेवायची बंद झाली. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून पोळीभाजी खायची. भूक लागली तर होस्टेलवर जाऊन रात्री खायची, आणि मग अर्थातच जास्त खायची.

बीएमआयबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. हे सूत्र काढणारा केटले हा एकोणिसाव्या शतकातला बेल्जियन गणिती होता. माणसांच्या मोठ्या समूहात सरासरी कशी दिसते हे त्याला बघायचं होतं, समोरच्या एका माणसाची तब्येत ठरवायची नव्हती. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तर १९७२ मध्ये पडलं. गौरीला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ठाऊक असणं आणि मनाला पटणं यात अंतर असतं, आणि माझा सगळा व्यवसाय त्या अंतरावर चालतो.

तिच्या मैत्रिणी, भाऊ, आई, सगळे तिची समजूत घालत होते. ‘कुणी बघत नाही गं.’ ‘तू कुठे जाड आहेस?’ भावाने तर सांगितलं, टक्कल पडलेल्या न्हाव्याकडे आपण केस कापून घेतोच की! गौरी हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड. अशा समजुती टिकत नाहीत, कारण त्या एका गोष्टीवर उभ्या असतात: लोक काही म्हणणार नाहीत. आणि लोक म्हणतातच. एक पेशंट बोलला की सगळा धीर खाली. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी विचार तपासायचा, ही माझी रीत. ‘कुणी काही म्हणणार नाही’ असं मी सहसा कुणाला सांगत नाही.

‘लोक काय म्हणतील असं वाटतं?’

‘ही काय आम्हाला शिकवणार.’

‘म्हणतील. काहीजण तर नक्कीच.’

तिने चमकून वर पाहिलं. बहुधा समुपदेशकाने असं बोलू नये असा तिचा समज होता.

‘म्हणाले. पुढे?’

‘पुढे काय मॅडम? संपलंच.’

‘काय संपलं? तुझी डिग्री परत घेतली? पेशंटचा आजार गेला? त्याला आता काय खायचं ते सांगायची गरज उरली नाही?’

‘तसं नाही. पण त्यांनी असं म्हणायला नको.’

‘नको हे बरोबर. म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी म्हणताच कामा नये, हा नियम कुठल्या हॉस्पिटलात लावलाय?’

या ‘म्हणताच कामा नये’पाशी आम्ही बऱ्याच बैठका घालवल्या. वाचताना हे सोपं वाटेल. प्रत्यक्षात माणूस हा हट्ट सहजी सोडत नाही, कारण तो सोडला तर अपमान सोसावा लागेल अशी भीती असते. अपमान वाईट वाटायला लावतो, त्याने माणूस मोडत नाही, हे नुसतं बोलून कुणाला पटलेलं मी पाहिलेलं नाही. ते करून बघावं लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, ज्यांची ही विवेकनिष्ठ पद्धत, ते तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. म्हणून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या एकेका मुलीशी ते मुद्दाम जाऊन बोलत सुटले. कुणी जुळलं नाही म्हणतात, पण भीती गेली.

मी गौरीला गृहपाठ दिला. ॲप्रन घालून, नावाचा बिल्ला लावून, कँटीनच्या मधल्या टेबलावर दाराकडे तोंड करून बसायचं आणि बटाटावडा खायचा. सावकाश.

‘मॅडम, डाएट विभागाचा बिल्ला?’

‘तोच.’

पुढच्या वेळी ती आली ती हसतच. पहिला घास गिळताना घसा कोरडा पडला होता म्हणाली. दोघा-तिघांनी पाहिलं. एक नातेवाईक तर चक्क टेबलाशी आला आणि म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे वडा चालतो का? आमच्या बाबांना शुगर आहे.’ मग त्याच्याशी बोलणं झालं. वडा आठवड्याने की रोज, सोबत पाव किती, संध्याकाळची गोळी कधी. जिची तिला धास्ती होती, ती नजर वळली होती ती त्याच्या बाबांच्या काळजीने.

खरी कलाटणी त्यानंतर थोड्या दिवसांनी मिळाली. डायलिसिसच्या खोलीत एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. तिने फाइल उघडली आणि ते बायकोकडे बघत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बाई, आधी तुमचं डाएट बघा की.’ नर्स गालात हसली.

‘मग?’ मी विचारलं.

‘मी म्हटलं, बघते काका. पण तुमचं पोटॅशियम ६.१ आलंय, ते आधी बघू.’

हे सांगताना तिचा आवाज इतका साधा होता की मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असायला हवं. सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. काकांचा चेहरा बदलला. गौरी स्टूल ओढून बसली आणि खाण्यातून पोटॅशियम कुठून येतंय याची चौकशी सुरू झाली. नारळपाणी? नाही. केळी? नाही. भाजी चिरून भरपूर पाण्यात भिजवून, उकळून पाणी फेकता? काकू म्हणाल्या, हो, सांगितलंय तसं. डाळ किती? काकूंनी ओंजळीने वाटी दाखवली. सगळं बरोबर होतं. आधीची गौरी इथेच उठली असती.

‘मीठ?’

‘मीठ तर बंदच केलंय,’ काकू कौतुकाने म्हणाल्या. ‘पोरगा मॉलमधून ते कमी सोडियमवालं आणतो. महागाचं.’

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबवाल्याला ते उपयोगी पडू शकतं. ज्याची किडनी पोटॅशियम बाहेर टाकूच शकत नाही, त्याच्यासाठी ते धोक्याचं. पोराने मायेने आणलेलं पाकीट दुसऱ्या खेपेला काकू पिशवीत घालून घेऊन आल्या, गौरीने मागची बारीक छपाई वाचली आणि किडनीच्या डॉक्टरांना दाखवली. मीठ बंद झालं. पुढचं डॉक्टरांनी बघितलं.

तिच्या आत्मविश्वासाबद्दल सगळेच बोलत होते. मला या प्रसंगात दुसरंच काही दिसलं, आणि त्यानंतर मी या मुलींशी बोलताना तेच धरून चालते. गौरीला प्रश्न माहीत होते. पण वॉर्डात ती इतका वेळ स्वतःकडे बघत होती, की समोरच्या माणसाच्या स्वयंपाकघरात शिरायला तिच्याकडे लक्षच शिल्लक नव्हतं. पोट आत घेऊन उभं राहणारी मुलगी ‘मीठ कुठलं?’ हे विचारायला विसरते. बोलणं झेलून घेता आलं, आणि तेच लक्ष मोकळं झालं. सीनियर मॅडमनी नंतर हिस्टरीबद्दल तक्रार केली नाही.

मग वजनाचं काय? हा प्रश्न मला आया हमखास विचारतात. वजन कमी करायचं असेल तर जरूर करावं, गुडघ्यांसाठी, साखरेसाठी, पाळीसाठी, आवडीसाठी. फक्त ते या व्यवसायाचं प्रवेशपत्र समजू नये. ‘आधी दहा किलो उतरू दे, मग आर.डी.ला बसते,’ असं म्हणणाऱ्या मुलींचं वजनही उतरत नाही आणि परीक्षाही राहते.

बाजारात भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. काही जिम आणि वजन घटवायची क्लिनिक्स मुलाखतीत उघडपणे शरीरयष्टी बघतात. अशा नोकऱ्या सोडून द्याव्या लागतील, किंवा तिथे झगडावं लागेल. पण हॉस्पिटलचा आयसीयू, डायलिसिस, कॅन्सर, लहान मुलांचे वॉर्ड, शाळांचा पोषण आहार, सार्वजनिक आरोग्य, एवढं मोठं क्षेत्र पलीकडे आहे. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात डाएटिशियनचा समावेश झाला आहे, म्हणजे हा व्यवसाय आता कायद्याच्या चौकटीत येतोय. तीन महिन्यांचा कोर्स करून मोबाइलवर सल्ले देणाऱ्या सडपातळ लोकांची धास्ती मुली घेतात, ती मला म्हणूनच थोडी कमी वाटते.

शिक्षिकांना माझी एक विनंती असते. मापं पडद्याआड घ्या, फळ्यावर नावाऐवजी क्रमांक लिहा. शिकायचं ते तेवढंच शिकलं जातं. एका कॉलेजात हे सुरू झालंय आणि त्याचं थोडं श्रेय मी घेते.

आणि एक गोष्ट मात्र समुपदेशनावर ढकलू नका. मुलगी प्रत्येक घासाच्या कॅलरी मोजतेय, मैत्रिणींबरोबर बाहेर खाणं पूर्ण थांबवलंय, जेवल्यावर बाथरूममध्ये वेळ काढतेय, पाळी थांबलीय, किंवा ‘शुद्ध’ अन्नाची यादी आखडत आखडत चार पदार्थांवर आलीय, तर थेट मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलींमध्ये हे अभ्यासाच्या नावाखाली सहज लपतं. काटा अगदी योग्य आकड्यावर असतानाही हे असू शकतं. त्यामुळे वजन ठीक आहे म्हणून थांबू नका, याच आठवड्यात वेळ घ्या.