शहाण्णव वजा बावन्न

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेअकराला आला. 'सर, तीन प्रशिक्षणं झाली, तिन्हींत वेगवेगळं सांगितलं. नक्की कोणत्या पद्धतीनं शिकवू?' आणि खाली वहीच्या पानाचा फोटो. मेसेज मी एकदाच वाचला. फोटो झोपेपर्यंत तीनदा उघडला.

तुझा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि ते पान परत बघ. तिसरीतला पोरगा. 52 – 38 = 26. 71 – 45 = 34. 63 – 27 = 44. 80 – 46 = 46. चारही गणितांवर तू लाल फुली मारलीस आणि खाली लिहिलंस, 'सराव कर'. कसला सराव? त्याचा सराव पक्का झालाय. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, त्यात एकदाही चुकलेला नाही. त्याला हे कुणी शिकवलं? 'लहानातून मोठा जात नाही' असं पहिलीपासून आपणच घोकून घेतो ना? त्यानं आपलं ऐकलं.

आता पाचवं गणित. 96 – 52 = 44. इथं तू बरोबरची खूण केलीस, शेजारी 'छान'. अगं, हे उत्तरसुद्धा त्याच रीतीनं आलंय! बिनहातच्याचं होतं म्हणून निभावलं. चाचणीत एवढं एकच गणित आलं असतं तर 'वजाबाकी येते' अशी माहिती भरून तू मोकळी झाली असतीस.

म्हणून सांगतो, आधी वही बघ. मूल आपलं आपण शिकतं म्हणणारा रचनावाद, पातळीप्रमाणे पाडलेले स्तरनिहाय गट, 'निपुण भारत' अभियानातली कौशल्यांची यादी, प्रशिक्षणातल्या कशाशीच माझं वैर नाही. पण 26 कुठून आले हे त्यातलं काहीही तुला सांगणार नाही. वही सांगते.

रागावलो असं वाटेल. राग तुझ्यावर नाही. एकवीस वर्षं वर्गात काढून मी केंद्रप्रमुख झालो, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मूल कुठं अडतंय ते रोजच्या रोज बघा, हाच त्याचा गाभा होता. आम्ही काय केलं? तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या फिरल्या, 'गणितात रुची घेतो', 'उदाहरणे अचूक सोडवतो'. मास्तरांनी त्या उतरवून काढल्या आणि मी शाळोशाळी नोंदवही उघडून सही ठोकली. पोरांच्या वह्या शेजारीच रचलेल्या असायच्या. त्या उघडल्या नाहीत. माझ्याकडे बारा शाळा होत्या, वरून रोज कसली ना कसली माहिती 'आजच्या आज' हवी असायची, हे खरं. एक वही उघडायला दोन मिनिटं लागतात, हेही खरंच.

आणखी एक सांगून टाकतो. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं. पुस्तक करणाऱ्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. प्रकरण विधानसभेपर्यंत गाजलं, आणि आमच्या तालुक्यात चेष्टा करण्यात मी पुढे. पुढे एका शाळेत एका पोरीनं 'त्रेपन्न' ऐकून 35 लिहिलेलं पाहिलं. आधी तीन ऐकू आले, तिनं आधी तीन लिहिले. असले 35 मी किती वर्षं लाल करत होतो! 'वीस एक' तुला पटो न पटो, पण ते पुस्तक करणाऱ्यांना पोरं कुठं अडतात ते दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीला, येताना प्रत्येकानं एक चुकलेली वही आणायची, असं सांगून बसलो. पहिल्या खेपेला सगळ्यांनी हुशार पोरांच्या वह्या आणल्या, कव्हर घातलेल्या. हसू नकोस. पोराची चूक दाखवली की मास्तर कच्चा ठरतो, ही भीती आमच्यासारख्यांनीच तपासण्या करकरून घातलेली. चौथ्या खेपेला एका बाईंनी खरी वही आणली आणि आम्ही आठ जण एका भागाकारावर अर्धा तास भांडलो. चहा गार झाला. अख्ख्या नोकरीतली ती माझी सगळ्यात चांगली बैठक. अहवालात मी तिच्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाही, रकानाच नव्हता.

तूही हे पान घेऊन जा परिषदेला. तुझ्या फुल्यांसकट.

आणि उद्या वर्गात काड्या काढ. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या, 'यातल्या अडतीस मला दे.' गठ्ठ्याचं रबर सोडायचं त्याचं त्याला सुचू दे, तुझा हात मागे ठेव. पण त्याही आधी त्याला जवळ बसवून विचार, 'हे 26 कसे आले रे?' आणि गप्प बस. तुला ते जड जातं, फोनवर कळलंय मला. तो जे बोलेल ते त्याच्याच बोलीत लिहून मला पाठव. सुधारून लिहू नकोस.