आई-बाबा कायमचे पुण्यात आलेत. ज्येष्ठांसाठी इथे काय काय आहे?

तुम्ही लिहिलंय की बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय 67. साताऱ्याचं घर बंद करून दोघंही तुमच्याकडे सिंहगड रोडला राहायला आलेत, आणि आता बाबांचा दिवस टीव्ही आणि बाल्कनी यांतच संपतो. पुण्यात ज्येष्ठांसाठी काय आहे, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळ आहे. पण मी स्वतः एका ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघते, त्यामुळे यादी देण्याआधी एक सांगते. चालत जाता येईल आणि आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल, अशा ठिकाणी माणूस टिकतो. बाकी सगळं चार दिवसांचं.

म्हणून सुरुवात तुमच्याच भागातल्या संघापासून करा. पुण्याच्या बहुतेक उपनगरांत असे संघ आहेत. कुठे देवळाच्या सभामंडपात भरतात, कुठे महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात. पत्ता शोधायला मोबाइल घेऊन बसू नका. सकाळी सातच्या सुमाराला पु. ल. देशपांडे उद्यानात नाहीतर घराजवळच्या एखाद्या बागेत जा आणि फिरून झाल्यावर बाकावर टेकलेल्यांना विचारा. त्यांतला कुणी ना कुणी सभासद निघतोच, आणि तोच तुम्हाला सभेचा वार नि वेळ सांगेल.

वर्गणी किरकोळ असते. आठवड्याची सभा, एखादं व्याख्यान, वाढदिवस, आरोग्य तपासणी, सहल, कोजागिरीचं दूध असं वर्षभर चालू असतं. हे ऐकून बाबा म्हणतील, "त्यात काय जायचं?" त्यांचं चूक नाही. आयुष्यभर जबाबदारीचं काम केलेला माणूस नुसता खुर्चीत बसून भाषणं ऐकायला फार तर दोनदा जातो. तेव्हा पहिल्या सभेला तुम्ही सोबत जा, कार्यवाहांना गाठा आणि स्पष्ट सांगा की बाबांना काम द्या. हिशेब लिहायला, इतिवृत्त ठेवायला, सहलीची बस ठरवायला माणूस प्रत्येक संघाला हवाच असतो. आमच्याकडे एक गृहस्थ सून आग्रह करते म्हणून यायचे, मागच्या रांगेत बसायचे, चहा झाला की निघायचे. त्यांच्याकडे बँकेत भरणा करायचं काम दिलं. आता पावतीपुस्तक द्यायला मला उशीर झाला की सकाळीच त्यांचा फोन येतो. घरच्यांनी एवढं एक पाऊल उचललं तर किती फरक पडतो, हे मी डोळ्यांनी बघते आहे, म्हणून कळकळीने लिहिते. एखाद्या संघात राजकारण फार वाटलं तर दुसरा बघा, पण घरी परत बसू देऊ नका.

आता आईंबद्दल. तुमच्या प्रश्नात त्या एका वाक्यात येऊन गेल्या, पण शेजारपाजार बाबांपेक्षा त्यांचा जास्त सुटलाय. साताऱ्यात दाराशी उभं राहून बोलायला चार बायका होत्या. इथे लिफ्टमध्ये कुणी मान वर करत नाही. शिवाय त्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्याच नाहीत. संध्याकाळचा एक तास त्यांचा स्वतःचा म्हणून राखा. त्या वेळी कुकर दुसऱ्या कुणीतरी लावायचा. सोसायटीच्या आसपास भजनी मंडळ असतंच, तिथे ओळखी सगळ्यात लवकर होतात. भजनाची आवड नसेल तर नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा बागांतून सकाळी भरतात, तिथे बायका मोठ्या संख्येने असतात. गुडघे-कंबर दुखत असेल तर नारायण पेठेतल्या कबीरबागेत योगोपचार चालतात. आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

वाचनाची गोडी असेल तर पुण्यासारखं शहर नाही. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासूनचं आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं. उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली ही व्याख्यानमाला बाबांना नक्की आवडेल. संघातला एखादा सोबती मिळाला की पीएमपीने, म्हणजे शहराच्या बसने, दोघं मिळून जातील. ज्येष्ठांसाठी पीएमपीचा सवलतीचा पास असतो, तो पहिल्याच महिन्यात काढून द्या. सारखं "मला सोडायला चल" म्हणायचा संकोच त्याने जातो.

दोन-तीन गोष्टी नोंदवून ठेवा. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. माहिती, कायद्याचा सल्ला, मनाला आधार, सगळ्यासाठी फोन करता येतो. आयुष्मान भारतमध्ये 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचं उपचारांचं संरक्षण आहे. बाबांच्या सत्तरीला कार्ड काढायला विसरू नका. ओळखीपाळखीत कुणाला कंपवात असेल तर पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ जरूर सांगा. पेशंट आणि घरचे दोघांनाही तिथे धीर मिळतो.

आणि सातारा एकदम तोडू नका. तिथल्या मित्रांचं वर्तुळ जमवायला आयुष्य गेलंय, पुण्यात तसं जमायला वेळ लागेलच. एसटीत 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट आहे, महिलांना कुठल्याही वयात अर्धं, म्हणजे दोघांचं मिळून एकाच तिकिटात होतं. 75 पूर्ण झाल्यावर तर प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवायचं, स्वारगेटला बसायचं, चार-आठ दिवस राहून यायचं. संघाच्या सभेचा वार तेवढा सांभाळून तारीख ठरवा.