वेर्ण्यातल्या कारखान्यासाठी व्हॉल्यूम गेटवे: कॅश्ड घ्यावा की स्टोअर्ड?

तुम्ही विचारलंय की वेर्ण्याला पॅकिंग लाइनचा ४ टीबी डेटाबेस आहे, सर्व्हर कारखान्यातच राहणार, बॅकअप क्लाउडवर हवा आणि लाइन अडकता कामा नये. मग एडब्ल्यूएसचा (अॅमेझॉनच्या क्लाउडचा) व्हॉल्यूम गेटवे, म्हणजे कारखान्यातल्या सर्व्हरची डिस्क क्लाउडला जोडणारं सॉफ्टवेअर, कॅश्ड घ्यायचा की स्टोअर्ड?

स्टोअर्ड घ्या. मी फोंड्याकडच्या एका कारखान्यात हेच सांभाळतो आणि आधी कॅश्ड घेऊन फसलोय.

कॅश्डमध्ये मूळ डेटा एस-थ्रीत (एडब्ल्यूएसच्या क्लाउड साठवणीत) असतो, सारखा लागणारा तेवढाच आपल्या डिस्कवर. स्वस्त पडतं. रोजच्या कामात फरक कळतही नाही. आम्हाला कळला ऑडिटच्या दिवशी. साहेबांनी दोन वर्षांपूर्वीच्या बॅचची नोंद मागितली, ती कॅशमध्ये नव्हती. फायबरमधून प्रकाशाला २०० किलोमीटरला साधारण १ मिलिसेकंद लागतो. आमचा डेटा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, आणि मुंबई रस्त्याने सहाशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद, तेही मधले राउटर सोडून. ऐकायला किरकोळ, पण डेटाबेसने अशी दहा हजार वाचनं एकापाठोपाठ एक केली की झाला एक मिनिट! स्क्रीनवर चक्र फिरतंय आणि साहेब घड्याळ बघताहेत.

स्टोअर्डमध्ये सगळा डेटा तुमच्याच डिस्कवर, क्लाउडवर मागाहून स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या डेटाच्या प्रती) जातात. पावसात जेसीबीने केबल तोडली तरी लाइन चालू राहते. न गेलेला डेटा अपलोड बफरमध्ये, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेल्या डिस्कवर, साठतो. हा बफर किमान १५० जीबी ठेवायला सांगतात, तुम्ही जास्त ठेवा. तो भरला की व्हॉल्यूम ‘पास थ्रू’ दाखवतो: काम चालूच, बॅकअप मात्र बंद. त्याचा अलार्म लावाच, नाहीतर कुणाला पत्ताही लागत नाही.

पहिल्या अपलोडचा हिशोब आधी करा. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने मिळाली तरी १ टीबीला २२ तास, म्हणजे तुमच्या ४ टीबीला जवळजवळ चार दिवस. आम्ही चवथीच्या सुट्टीत केलं. नंतर शिफ्टच्या वेळात गेटवेवरूनच अपलोडचा वेग बांधून ठेवला.

स्कॅन केलेली जुनी कागदपत्रं वगैरे असतील तर त्यांना कॅश्ड चालेल, तिथे कुणाला घाई नसते.

आणि हो, सर्व्हरबरोबर नेटचा राउटरही यूपीएसवर घ्या. आमचा साध्या प्लगवर होता, जूनमध्ये पहिल्यांदा वीज गेली तेव्हा लक्षात आलं.