पुरुषांशी बोलायला सुरुवात करताना

गरोदर स्त्रियांच्या आणि बाळंतपणाच्या काळजीत पुरुषांना सहभागी करून घेण्याच्या या कामात आपण नव्याने येत आहात, म्हणून आधीच सांगते: पुरुषांना दवाखान्यात बोलावून वाट पाहत बसू नका, ते दिवसभर शेतात किंवा मजुरीवर असतात, तेव्हा संध्याकाळी ते जिथे जमतात तिथे आपणच गेलेले बरे. मातामृत्यूंमागे तीन प्रकारचे विलंब असतात, निर्णय घेण्यातला, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला आणि तिथे उपचार सुरू होण्यातला; त्यांपैकी पहिले दोन पुष्कळदा पैसा आणि वाहन ज्याच्या हाती असते त्याच्यापाशी अडतात. म्हणून भाषण न देता नेमके विचारा: रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला, तर गाडी कोणाची आणि पैसे कुठे ठेवले आहेत? मी एकदा असे विचारले, तेव्हा तोवर काडीने मातीत रेघा ओढणारा एक तरुण थांबला आणि शेजाऱ्याशी त्याच्या गाडीविषयी बोलू लागला. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे ही गरोदरपणातली धोक्याची लक्षणेही त्यांना तोंडपाठ हवीत.

मात्र सहभाग म्हणजे ताबा नव्हे, आणि ही चूक नवखे कार्यकर्ते सहज करतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ च्या शिफारशींत पुरुषांच्या सहभागाला पाठिंबा देताना स्त्रीची निवड आणि स्वायत्तता जपण्याची अट घातली आहे. तपासणीच्या वेळी पती सोबत हवा का, हे तिला एकटीला विचारा, आणि एकटी आलेल्या स्त्रीला कधीही ताटकळत ठेवू नका.

बाळंतपणानंतर वडिलांना बाळ उघड्या छातीशी धरायला जरूर शिकवा.