रानफुलं, फोटो आणि स्पर्धा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ग्रुपला हौशी फोटोग्राफर्सच्या स्पर्धेत भाग घ्यायचाय, विषय आहे ‘रानवनस्पती, नैसर्गिक अधिवासात’. आम्ही कणकुंबीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या दगडी पठारावर जाणार. आजूबाजूचं गवत थोडं काढून, मागं काळं कापड धरून आणि स्प्रे बाटलीनं थेंब मारून फोटो काढला तर चालतं का? – बेळगाव

चालत नाही, आणि नियमात लिहिलं नसलं तरी करू नका. काळं कापड लावलं की ते फूल कणकुंबीचं की कुणाच्या गच्चीवरच्या कुंडीतलं हे कोण सांगणार? विषयातले शेवटचे दोन शब्दच तर तुम्ही पुसून टाकले. मला विचाराल तर या स्पर्धेत फूल अर्धं आणि जागा अर्धी असते.

आता तो सडाच बघा ना. जांभा दगड, त्यावर कुठंकुठं बोटभर माती, पावसात सगळं पाण्यानं भिजलेलं आणि त्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. म्हणून तर तिथं दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात, दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती, मातीत न मिळणारं नत्र त्या किड्यांतून घेतात. दवबिंदू पानावरच्या चिकट केसांनी किडे धरतो, सीतेच्या आसवांचे फुगे ओल्या मातीत आणि पाण्यात दडलेले असतात आणि बारीक जीव आत ओढून घेतात, आपल्याला वर दिसतं ते नुसतं निळं-जांभळं फूल. म्हणजे तुमच्या फोटोत तो ओला दगड, पाण्याचा पातळ थर, शेजारची गेंदाची रानफुलं हे सगळं आलं तर परीक्षकाला न सांगता कळतं की हे झाड इथंच का आहे. गवत उपटलं की ही गोष्टच गेली.

आणि स्प्रे बाटलीचं म्हणाल तर दवबिंदूवरचे थेंब पाण्याचे नसतातच हो, तो झाडानंच सोडलेला चिकट रस असतो! त्यावर पाणी मारलं तर तो पातळ होतो आणि फोटोतली चमकच जाते. त्यापेक्षा सर येऊन गेल्यावर थोडं थांबा, ऊन तिरपं पडलं की झाडाच्या मागून उजेड येईल असं बसा, लाल केसांच्या टोकावरचा एकेक थेंब पेटल्यासारखा दिसतो.

बसताना मात्र जपून. फोटोसाठी आडवं पडायचं म्हणून चटई टाकतात लोक आणि खाली पन्नास रोपं चिरडतात, उघड्या दगडावरच पाय ठेवा आणि फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते आणि फुलाच्या उंचीवरून फ्रेम मिळते. वाऱ्याला छत्री आडवी धरायला एक माणूस लागतोच, सड्यावर वारा कुणाचं ऐकत नाही. ग्रुप आहे तर छत्री पाळीपाळीनं धरा की, तेवढ्यावरून भांडू नका.

प्रश्न : माझ्याकडं साधा फोन आहे, अगदी जवळून काढायची मॅक्रो लेन्स नाही. कॅमेरावाल्यांपुढं टिकेन का? – खानापूर

टिकाल. या विषयात तर फोनचा वाइड अँगल उलट फायद्याचा, फुलाजवळ जाऊन काढला तरी मागचा डोंगर, ढग, सडा सगळं येतं. स्क्रीनवर फुलावर बोट दाबून धरून फोकस लॉक करायचा आणि पांढरं फूल असेल तर स्क्रीनवरची उजेडाची पट्टी खाली ओढायची, नाहीतर पाकळ्यांचा नुसता पांढरा डाग होतो आणि तो नंतर एडिट करूनही परत येत नाही. ढगाळ दिवस चांगला, सावल्या मऊ पडतात. एसी गाडीतून उतरलात तर लेन्सवर वाफ धरते, ती जाईपर्यंत फोटो काढू नका. मूळ फाइल डिलीट करू नका, निवड झाल्यावर मागू शकतात.

प्रश्न : आम्ही चिकोडीकडचे, इथं सडा नाही, जंगल नाही, जिकडं तिकडं ऊस. आम्ही काय काढायचं? – एक कॉलेज विद्यार्थिनी

अगं, सगळे सड्यावर धावणार आणि सगळ्यांचे फोटो सारखे येणार, तुला तर मोकळं मैदान आहे. बांधावर, ओढ्याकाठी, पडीक माळावर जा. तरवड पिवळाधमक फुललेला असतो. कुंपणावर चढलेली कळलावी बघ, पाकळ्या खालून पिवळ्या नि टोकाला लाल आणि पानाचं टोक वळून आकडा झालेला, त्या आकड्यानंच ती वर चढते. तो आकडा काटेरी फांदीला धरलेला दाखवलास तर फोटो नुसता सुंदर राहणार नाही, काहीतरी सांगेल. हात नंतर धू, तिचा कंद फार विषारी, उकरायचा तर मुळीच नाही. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या पानं खाताना सापडतात, मागं ऊस दिसला तरी दिसू दे, आता तोच तिचा शेजार आहे.

फक्त एक बघ, बांधावर दिसलं म्हणजे रानातलंच असं नाही. घाणेरी, कॉसमॉस, गाजरगवत हे सगळे बाहेरून आलेले, आपोआप वाढतात खरे पण इथले नव्हेत. पाठवण्याआधी आयोजकांना विचारून घे.

प्रश्न : भीमगडच्या जंगलात जाऊन काढले तर? – जांबोटी

भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं अभयारण्यात फोटोसाठी जायलाही परवाना लागतो. वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारा, ओळखीच्या माणसाबरोबर मागच्या वाटेनं घुसू नका, अशानं त्याचीच नोकरी जाते. आणि खरं सांगू, जांबोटीत राहून भीमगडला कशाला जाताय? तुमच्या रस्त्याच्या कडेला काय कमी आहे?

प्रश्न : फुलाचं नाव माहीत नसेल तर काय लिहायचं, आणि ठिकाण द्यावंच लागतं का? – निपाणी

अंदाजानं लांबलचक शास्त्रीय नाव ठोकण्यापेक्षा गावातलं नाव लिहा, किंवा नुसतं ‘तेरड्याची एक जात’ म्हणा, त्यात कमीपणा नाही. ओळखून घ्यायचं असेल तर तिथंच असताना पान, देठ, फुलाची मागची बाजू आणि पूर्ण रोप असे साधे चार फोटो जास्तीचे काढा, नुसत्या समोरून काढलेल्या फुलावरून जाणकारही अडतात. ठिकाण म्हणून तालुका पुरे. आमरी (ऑर्किड) किंवा कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ काही मिळालं तर फोनमधलं लोकेशन आधीच बंद करा, कंद उकरून नेणारेही फोटो बघतात.