नाटकाच्या आधी नाट्यगृहातल्याच हॉटेलात जेवावं का?

तुम्ही लिहिलंय की आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला नाटकाची चार तिकिटं काढलीयेत, थिएटरच्या आतच रेस्टॉरंट आहे, तर प्रयोगाआधी तिथेच सगळ्यांनी जेवलं तर कसं, वेळेत उरकतं का आणि महाग पडतं का.

महाग पडतं. बाहेरच्यापेक्षा जास्तच घेतात, पण वर्षातून एकदा आईबाबांसाठी करताय तर त्याचा विचार करू नका. वेळेचं मात्र नीट सांगतो, कारण ह्या एका गोष्टीवरून आमच्या घरात दहा वर्षं वाद चालू आहे आणि तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला झोपच लागली नाही.

आमचे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, नोकरी सांभाळून हौशी नाटकांची प्रकाशयोजना करायचे. राज्य नाट्य स्पर्धेला नाशिक केंद्रावर वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या ग्रुपसाठी डिमरवर, म्हणजे स्टेजचे दिवे कमीजास्त करायच्या यंत्रावर, बसलेले असायचे. ज्या गावात कानेटकर राहिले, तात्यासाहेब शिरवाडकर राहिले, असे मोठे नाटककार राहिले, त्या गावात आपण निदान नाटक तरी वेळेवर बघावं असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी मनापासून म्हणायचे. पाचचा प्रयोग असेल तर आम्ही साडेचारला नाट्यगृहाच्या पायरीवर. लहानपणी मला वैताग यायचा. मग एकदा स्पर्धेच्या वेळी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि मला कळलं. पडदा उघडायच्या आधी प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू उतरवतात, पूर्ण काळोख करतात, तो उगाच नसतो. डोळे बाहेरच्या उजेडातून आलेले असतात, त्यांना सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिला तरच पहिला मंद निळा प्रकाश दिसतो. नेमका तेव्हाच मागचा दरवाजा कोणीतरी उघडला. बाहेरच्या पॅसेजमधल्या ट्यूबलाइटचा पट्टा सरळ स्टेजवर. तीन महिने तालमी केलेल्या मुलांचा पहिला प्रवेश गेला. आण्णा काही बोलले नाहीत पण त्यांचा हात डिमरवर तसाच राहिला होता, ते मला अजून दिसतं.

तर आता मूळ गोष्ट. आण्णांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा आमच्या दाजींनी सगळ्यांना नाटक दाखवायचं ठरवलं. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. मन मोठं आहे त्यांचं, खर्चाला कधी मागे हटत नाहीत, हे आधीच सांगतो. डिसेंबर होता, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, आण्णा मफलर, स्वेटर घालून तयार. प्रयोग रात्री साडेनऊचा. नाट्यगृहाच्या आवारातच तेव्हा एक हॉटेल होतं, नाव लिहीत नाही, आता ते बंदही झालंय. दाजींनी तिथे सात जणांचं टेबल सांगून ठेवलेलं, सव्वाआठला. आण्णा बाहेरच मला म्हणाले, आपण घरून खाऊन आलो असतो रे. मी म्हटलं आण्णा सव्वा तास आहे, होईल की. ही चूक माझी.

आम्ही गेलो तेव्हा हॉटेल निम्मं रिकामं होतं. पण पावणेनऊला आमच्याच नाटकाचे शंभरेक लोक एकदम आत आले. ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बाहेरच्या हॉटेलात गिऱ्हाईक पसरून येतं, कोणी आठला कोणी दहाला. नाट्यगृहातल्या हॉटेलात सगळे एकाच वेळी येतात, सगळ्यांना एकाच वेळी उठायचं असतं, आणि किचन मात्र तेवढंच. भाज्यांचं निभतं कारण ग्रेव्ही तयार असते. अडतं रोटीवर. तंदूर एक, त्यात एका वेळी मोजक्या रोट्या लागतात, आणि वीस टेबलं रोटी रोटी करत बसलेली. दाजींनी त्यात पापड, पनीर चिली, सूप, मग काजू मसाला, शेवभाजी, असं सगळं सावकाश सांगितलं, सूप संपेपर्यंत पुढची ऑर्डर द्यायचीच नाही असा त्यांचा शिरस्ता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी भाज्या आल्या. रोट्या नाहीत. आण्णा घड्याळ बघत होते पण टेबलाखाली, दाजींना दिसू नये म्हणून. जावई यजमान, त्यात पंचाहत्तरीचं निमित्त, मधूनच कसं उठणार. सव्वानऊला मी वेटरला म्हटलं राइस आणा, तेवढं पुरे. दाजी म्हणाले, अहो बसा हो, नाटक कधी वेळेवर सुरू होतं का, आणि झालं तरी पाच मिनिटांनी काय बिघडतं. पहिली घंटा झाली असणार, आम्हाला ऐकूच आली नाही, एक्झॉस्टचा आवाज आणि भांड्यांचा आवाज. आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायला लागली तेव्हा आण्णांनी हातातला घास खाली ठेवला. तेवढ्यात रोट्या आल्या. मग बिल. बिलाच्या काउंटरला बारा माणसं.

आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा आत संवाद चालू झालेले. दारावरचा माणूस आण्णांना ओळखणारा, कित्येक वर्षांची ओळख, तो टॉर्च खाली धरून एवढंच म्हणाला, "आण्णा, तुम्ही?"

दाजी, ताई, मुलं आत जाऊन लोकांच्या गुडघ्यांना घासत जागेवर बसले. आमच्या जागा पाचव्या रांगेत मधोमध. आण्णा गेले नाहीत. म्हणाले मी इथेच थांबतो, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्याचं दुखणं, मध्यंतरापर्यंत पाऊण तास उभा. मी शेजारी उभा. मी दोनदा म्हटलं चला, काही होत नाही. ते म्हणाले त्या नटाला दिसतं रे.

मध्यंतरात सगळे वडा-चहाला गेले. मी पाचव्या रांगेतल्या एका अनोळखी काकूंना विचारलं की सुरुवातीला काय झालं, सगळं सांगा, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी चहा सोडून मला पहिला प्रवेश सांगितला, कोण कुठून आलं, खिडकी उघडी होती की बंद ते सुद्धा. मी ते जाऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, लाइट काय होता? ते मला सांगता आलं नाही.

आण्णा आता नाहीत. दाजींना त्यांनी कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, घरी निघताना उलट जेवण छान होतं म्हणाले.

दाजींचं म्हणणं अजूनही असं की जगभर लोक नाटकाआधी जेवतात. मुंबईला पृथ्वी थिएटरच्या कॅफेत लोक खाऊन पिऊन आत जातात, लंडनला तर थिएटरच्या आत मोठी रेस्टॉरंटं असतात. खरंय. पण पृथ्वीला उशीर झाला की आत सोडतच नाहीत, १९७८ साली सुरू झालेलं थिएटर आहे आणि ह्या नियमासाठीच लोक त्याचं नाव घेतात, त्यामुळे कॅफेत बसलेला माणूस घड्याळावर नजर ठेवूनच खातो. आणि लंडनला त्या जेवणाचा मेनूच वेगळा असतो, दोन किंवा तीन पदार्थ, ठरलेल्या किमतीत, वेटर आधी विचारतो तुमचा शो कितीला आहे, आणि मध्यंतरात काय प्यायचं त्याची ऑर्डर लोक सुरू व्हायच्या आधीच देऊन ठेवतात. म्हणजे तिकडे जेवण नाटकाच्या वेळेला बांधलेलं असतं. आपल्याकडे ते तसं बांधलेलं नसेल तर ते नुसतं नाट्यगृहाच्या आवारातलं एक हॉटेल.

आपल्याकडे ह्याची वेगळी सोय होतीच की. जुनी संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, लोक घरून जेवून यायचे. नंतर तीन अंकी आली, त्यात दोन मध्यंतरं, तेव्हा वडा आणि चहा हेच नाटकाचं खाणं झालं. आता दोन अंकी, एकच मध्यंतर, पण बटाटेवडा तोच. माझ्या मते नाटकाला तेवढंच खाणं शोभतं.

तुमच्या प्रश्नात प्रयोगाची वेळ नाहीये. पाचचा असेल तर आधी जेवूच नका, दुपारी घरी जेवण झालेलं असतं, फार तर नाशिकच्या सायंतारा हॉटेलातला साबुदाणावडा खा आणि नाटक सुटल्यावर आठला निवांत कुठेही बसा, आईबाबांशी नाटकावर बोलताही येईल. साडेनऊचा असेल तर सुटायला बारा होतात, तेव्हा नाशिकच्या शालिमार भागात काय मिळणार, म्हणून आधी खावंच लागतं. मग त्या रेस्टॉरंटला आदल्या दिवशी फोन करा, प्रयोगाची वेळ सांगा, पदार्थ फोनवरच ठरवा, साडेसातला पानावर बसा, तंदूरचं काही सांगू नका, आणि जेवण वाढत असतानाच बिल मागवून देऊन टाका. शालिमारच्या बाजूला प्रयोग असेल तर गाडी लावायलाच पंधरा मिनिटं जातात तीही धरा. पोटभर जेवून पहिल्या अंकात डुलक्या काढणारे मी खूप पाहिलेत, तेव्हा जरा कमीच खा.

एक राहिलं, आईबाबांना शुगर असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, गोळीच्या वेळेला त्यांना खायला घालाच, आणि पर्समध्ये काहीतरी असू द्या. आणि हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही, त्या रात्री तिथली पोरं धावत होती, मी बघत होतो.

मागच्या दिवाळीत जेवताना दाजी परत म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला होता, तेवढ्यावरून हा अजून धरून बसलाय. समोर ताई वाढत होती म्हणून मी गप्प बसलो. नाटक त्या दिवशी नऊ पस्तीसला सुरू झालं, दारावरच्यानेच मला सांगितलं. आम्ही आत गेलो तेव्हा नऊ सत्तावन्न झाले होते. दाजी, बावीस मिनिटं.